शिक्कामोर्तब

'शिक्कामोर्तब झाले' असे आपण सहज म्हणून जातो. पण या जोडशब्दात पूर्वजांचे मोठे शहाणपण साठवलेले आहे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे; मोर्तबामुळे त्याखाली कोणाला एक ओळही घुसडता येत नसे. अक्षराची नक्कल एखादा हुशार कारकून करील. पण शिक्का ही हातात धरण्याची वस्तू! ती ज्याच्या ताब्यात, त्याचाच हुकूम खरा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस विकून आलेला पैसा पूर्वी ट्रंकेत राही, आज तो बँकेच्या खात्यात असतो. वर्षाची सारी मेहनत ज्या कुलपात ठेवायची, ते कुलूप कसले आहे, हे शेतकऱ्याच्या घरात ठाऊक असलेले बरे.

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी सहकारी बँक. पण दरोडेखोरांनी तिचा उंबरठाही ओलांडला नाही. एटीएमवरची मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे नेणारी जी मधली व्यवस्था, तिच्या जागी त्यांनी आपली तोतया व्यवस्था उभी केली. कार्ड नकली, आणि 'पैसे द्या' म्हणणारा अधिकारीही नकली! अठ्ठावीस देशांत, आणि आपल्या कोल्हापुरातही, यंत्रांतून नोटा बाहेर पडल्या. १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम गेली. सारे मिळून ९४ कोटी रुपयांवर गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.

कार्डांची नक्कल साधली कशी? कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या चुंबकीय पट्टीवर मजकूर लिहिलेला असतो, आणि जे वाचता येते ते उतरवूनही घेता येते. चिपेचे तसे नाही. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती बाहेर कधी येतच नाही. दर व्यवहाराला नवे आकडे तिच्यापुढे येतात, ती आतल्या आत किल्ली फिरवते आणि फक्त उत्तर बाहेर धाडते. त्या उत्तरावरून किल्ली ओळखता येत नाही, आणि आजचे उत्तर उद्या चालत नाही.

फ्रान्सच्या रोलां मोरेनो याने १९७४ साली चिपेच्या कार्डाचे पेटंट घेतले. त्याच सुमारास इजिप्तमध्ये जन्मलेल्या मोहम्मद अटाला या अभियंत्याने पिन सांभाळणारी बंद पेटी बनवली. तिच्या आजच्या वंशजांना बँकेत एचएसएम म्हणतात. कोणी फोडू लागला, तर त्यांतल्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात. आपल्या रिझर्व्ह बँकेने २०१५ सालीच पट्टीची कार्डे बदलून चिपेची देण्याचा आदेश काढला होता. मुदत होती ३१ डिसेंबर २०१८! दरोडा पडला तो मुदतीच्या साडेचार महिने अगोदर.

मात्र वाचकहो, कित्येक गड तोफांनी पडले नाहीत. आतून कोणी दरवाजा उघडला म्हणून पडले. फोनवरच्या गोड आवाजाला आपणच पिन आणि ओटीपी सांगून टाकला, तर चिप बिचारी काय करील? मुद्रा कितीही पक्की असो, ती कोणाच्या कागदावर उमटवायची, हे शेवटी मुद्रा धरणाऱ्या हातालाच ठरवावे लागते.