चीट आणि पवईची नीळ

चीट म्हणजे ठशांनी किंवा कलमाने नक्षी उमटवलेले सुती कापड. नावाचे मूळ संस्कृत ‘चित्र’ शब्दात मानतात. हिंदीत छींट म्हणजे शिंतोडाही. इंग्रजांनी ‘चिंट’चे अनेकवचन ‘चिंट्स’ उचलले आणि पुढे तेच एकवचन होऊन बसले. मराठीत मात्र चिटाचे परकर-पोलके म्हटले की पुरे.

खरी करामत रंगाची. हरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर तुरटीचा ठसा मारायचा आणि ते मंजिष्ठेत उकळायचे. तुरटी लागली तेवढाच भाग लाल होतो आणि धुतला तरी टिकतो. निळ्या नक्षीसाठी बाकीचे कापड मेणाने झाकून निळीच्या पिंपात बुडवत. या पक्क्या रंगांपुढे युरोपचे विणकर हरले. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदीच घातली.

मुंबईतल्या पवईशी चिटाचा धागा जुळतो तो निळीचा. १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांनी इथली जमीन पट्ट्याने घेतली, विहिरी खणल्या, ऊस, तुती आणि नीळ लावली. निळीचा कारखानाही उभारला. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी त्याची कौतुकाने नोंद केली. पवईचा तलाव झाला तो त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी.