आगमनकाल व देहधारणा

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ म्हणजे आगमनकाल. देवाच्या पुत्राने येशूच्या ठायी मानवी देह धारण केला, ही श्रद्धा म्हणजे देहधारणा. आगमनकालाचा अर्थ याच श्रद्धेवर उभा आहे.

पाश्चात्त्य चर्चचे उपासनावर्ष आगमनकालाने सुरू होते. पहिला रविवार संत आंद्रियाच्या सणाला (३० नोव्हेंबर) सर्वांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यानचा असतो. मिलानच्या अँब्रोझी विधीत हा काळ सहा आठवड्यांचा असतो. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्याऐवजी नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास पाळतात. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंतची वाचने मुख्यतः ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आठवण देतात. १७ तारखेपासून त्याच्या जन्माचे प्रसंग पुढे येतात. यशया संदेष्टा, बाप्तिस्मा करणारा योहान आणि मरिया या तिघांना या काळात विशेष स्थान असते. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी ती गुलाबी असू शकतात. मेणबत्त्यांच्या आगमनचक्राची प्रथा हँबर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न याने १८३९ मध्ये अनाथाश्रमातील मुलांसाठी सुरू केली.

देहधारणेचा मुख्य शास्त्राधार योहानकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय हा आहे. येशूचा देह केवळ भासमान होता, असे काही प्रारंभिक पंथ मानत. आरियसच्या मते पुत्र ही पित्याची निर्मिती होती. नायसिया परिषदेने (३२५) पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. कॅल्सिडॉन परिषदेने (४५१) ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य असून दोन स्वभाव एकाच व्यक्तीत आहेत, अशी मांडणी केली. अवतारकल्पनेपासून हा सिद्धांत दोन बाबतींत वेगळा आहे : देहधारणा एकदाच घडली आणि पुनरुत्थानानंतरही ख्रिस्ताने मनुष्यत्व टाकले नाही. म्हणून आगमनकालातील प्रतीक्षा नव्या जन्माची नसते. जो एकदा आला, तोच पुन्हा येईल, अशी ती असते.

मराठीत हा विषय इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात मांडला. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची, तर दुसऱ्या भागात येशूच्या चरित्राची कथा आहे. हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे प्रथम छापला गेला.