सहकुटुंब श्रोता : नामविस्तार दिन आणि भीमगीतांची परंपरा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
लोकसंगीताच्या इतिहासलेखनात शाहीर, गायक आणि त्यांच्या रचना यांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या तुलनेत श्रोत्यांचा विचार मात्र उपेक्षितच राहिला. दरवर्षी १४ जानेवारी रोजी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर नामविस्तार दिनानिमित्त मोठा जनसमुदाय जमतो. अभिवादन, पुस्तकांची दुकाने आणि भीमगीतांचे गायन असे या दिवसाचे स्वरूप असते. प्रस्तुत लेखक पुंडलिकनगर येथून आई, पत्नी व मुलांसह तेथे गेला असता आईने सहज एक आठवण सांगितली. तिच्या गावच्या जत्रेत तमाशाचा फड उभा राहत असे, परंतु घरच्या बायकांनी ढोलकी ओसरीवरूनच ऐकायची, असा रिवाज होता. येथे मात्र ती नातवंडांना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. ओसरीपासून पहिल्या रांगेपर्यंतचे हे अंतर कसे कापले गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

तमाशा ते जलसा :
गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग ही तमाशाची प्रचलित घडण होय. शृंगारिक लावणी आणि सोंगाड्याचे द्व्यर्थी संवाद यांमुळे त्याचा प्रेक्षक प्रामुख्याने पुरुष राहिला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या चळवळीतील जलसाकारांनी पुढे तमाशाचाच साचा घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. आंबेडकरी जलशांनी हीच वाट अधिक विस्तारली. नाशिकचे शाहीर भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, अस्पृश्यता, सावकारी आणि शिक्षण हे विषय गावोगावी नेले. आरंभीच्या जलशांत स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच रंगवीत. रंगमंचावर स्त्री नसली, तरी रंगमंचासमोर आता ती होती. जे गाणे मुलींना शाळेत पाठवा असे सांगते, ते मुलींच्या आईने ऐकल्याशिवाय त्याचे प्रयोजन सिद्ध होत नाही. सहकुटुंब श्रोता ही जलशाच्या आशयाचीच गरज होती.

या परिवर्तनाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारल्याचा प्रसंग आंबेडकरी चळवळीच्या साहित्यात नमूद आहे. दलित स्त्रीच्या नाचण्यावर मिळविलेला पैसा स्वाभिमानाच्या लढ्यास नको, ही त्यामागील भूमिका होती. ती समर्थनीयच होती. तथापि, बापूरावांच्या फडातील पवळा यांच्यासारख्या कलावतींच्या गायनकलेला या नव्या कौटुंबिक मांडवात स्थान मिळाले नाही. एका स्त्रीला श्रोत्यांत जागा मिळत असताना दुसरीची रंगमंचावरील प्रतिष्ठा मात्र अनुत्तरित राहिली. या परंपरेचा गौरव करताना हा विरोधाभास दृष्टीआड करता येत नाही.

मराठवाड्यातील संदर्भ :
निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यातनाम झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केल्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांची त्या वर्षी हत्या झाली. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. जवळजवळ सोळा वर्षांचा हा संघर्ष वस्त्यांतील कुटुंबांनी एकत्रितपणे सोसला होता. त्यामुळे त्याचे स्मरणही कुटुंबानेच करावे, हे ओघानेच आले.

या स्मरणाची भाषा गीतांनी पुरविली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध, भीम आणि संविधान हे लोकगीतांचे विषय झाले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी बोलीतील साध्या शब्दांत विपुल गीतरचना केली, तर प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजाने ध्वनिमुद्रिका व कॅसेटद्वारे घराघरांत प्रवेश केला. कव्वालीच्या सामन्यांत स्त्री-गायिका पुरुष गायकांसमोर उभ्या राहिल्या. जलशात रिकामी राहिलेली जागा अशा रीतीने अंशतः भरून निघाली.

इतिहाससाधन म्हणून भीमगीत :
प्रवेशद्वारासमोर प्रस्तुत लेखकाच्या मुलीने पोचिराम कोण, असा प्रश्न विचारला. हे नाव तिने पाठ्यपुस्तकात वाचले नव्हते, ते गाण्यात ऐकले होते. आजीने उत्तर दिले. ज्या समाजाला दप्तरे आणि बखरी लाभल्या नाहीत, त्याने आपला इतिहास चालीवर बसवून पुढच्या पिढीकडे सोपविला, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. गीतांत अतिशयोक्ती असते, तपशील बदलतात, हे खरे आहे. परंतु तीच मर्यादा पोवाड्यांना आणि बखरींनाही आहे. तरीही आपण ती साधने अभ्यासतोच.

समारोप :
सहकुटुंब श्रोता हा आपोआप निर्माण झालेला नाही. सत्यशोधक व आंबेडकरी जलसाकारांनी तो घडविला आणि नामांतराच्या संघर्षाने त्याला येथे अधिष्ठान दिले. मात्र या परंपरेचे बरेचसे साहित्य गायन पार्ट्यांच्या हस्तलिखित वह्यांत आणि वृद्ध गायकांच्या स्मरणात आहे. वह्या जीर्ण होत आहेत, गायक थकत आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील वह्यांच्या प्रती कराव्यात, प्रत्येक गीतासोबत गायक, गाव, प्रसंग आणि चाल यांची नोंद ठेवावी, श्रोत्या स्त्रियांच्या आठवणीही त्यासोबत टिपून घ्याव्यात. हे काम विद्यार्थी आपल्या घरापासून सुरू करू शकतात. प्रस्तुत लेखकास त्याचा आरंभ आईच्या एका वाक्यात सापडला.