आतडं फुटणं: १९२६ सालचे दोन मृत्यू

आतड्याला छिद्र पडलंय, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. शंभर वर्षांपूर्वी ही भीती याहून मोठी होती, आणि ती खरीही होती. १९२६ साली अमेरिकेत जेमतेम दहा आठवड्यांच्या अंतराने दोन जगप्रसिद्ध माणसं पोटातल्या अशाच छिद्राने गेली.

पहिला मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो. १५ ऑगस्टला तो न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात कोसळला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जठरातल्या अल्सरला छिद्र पडलेलं होतं. २३ ऑगस्टला वयाच्या ३१ व्या वर्षी तो वारला. त्याचं नाव मात्र आम्हा डॉक्टरांच्या पुस्तकांत राहिलं. अल्सर फुटल्यावर आतला आम्लरस कधीकधी उजव्या बाजूने खाली ओघळून अपेंडिक्सजवळ साचतो. मग दुखणं अगदी अपेंडिक्ससारखं भासतं. याला व्हॅलेंटिनो सिंड्रोम म्हणतात.

दुसरा जादूगार हॅरी हुदिनी. २२ ऑक्टोबरला माँट्रियलमध्ये एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटात ठोसे मारले. पोट दुखत असतानाच तो रेल्वेने डेट्रॉइटला गेला आणि २४ तारखेला १०४ अंश ताप अंगावर काढत त्याने प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याचं ते छोटं शेपूट, फुटून पू पसरलेला होता. ३१ ऑक्टोबरला तो गेला. ठोशामुळे अपेंडिक्स फुटलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही. अपेंडिक्सला सूज बहुधा त्याचं तोंड बंद झाल्याने येते. ती आधीच आली असावी आणि दुखण्याचा दोष ठोशावर गेला असावा.

मग दोघांचंही ऑपरेशन होऊन उपयोग का झाला नाही? सर्जनना छिद्र बुजवता येत नव्हतं असं नाही. सुईने भोक पडलेलं अपेंडिक्स लंडनच्या क्लॉडियस ॲमियंड यांनी १७३५ सालीच एका मुलाच्या हर्नियातून काढलं होतं. फुटलेला जठराचा अल्सर जर्मनीच्या लुडविग ह्यूसनर यांनी १८९२ मध्ये यशस्वीपणे शिवला होता. पण आतड्यातले जंतू पोटाच्या पोकळीत सांडले, की तिच्या अस्तराला सूज येते (पेरिटोनायटिस) आणि विष रक्तात भिनतं. त्यावर १९२६ मध्ये औषधच नव्हतं. पेनिसिलिन सापडलं १९२८ साली आणि रुग्णांपर्यंत पोहोचलं ते १९४० नंतर.

आज रुग्ण आला की तोंडाने पाणीसुद्धा बंद करतो, सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करतो, नाकातून नळी घालून जठर रिकामं ठेवतो. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवेची काळी चंद्रकोर दिसली तर निदान जवळजवळ पक्कं. ती दिसली नाही तरी छिद्र असू शकतं, म्हणून सीटी स्कॅन. ऑपरेशनमध्ये पोट भरपूर सलाइनने धुतात. अल्सरच्या छिद्रावर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचं ठिगळ लावतात. टोरोंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये मांडलेली ही पद्धत थोड्याफार फरकाने अजून चालते, आता दुर्बिणीतूनही.

आपल्याकडे टायफॉइड आणि टीबीनेही लहान आतड्याला छिद्र पडतं. टायफॉइडमध्ये ते बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तेव्हा ताप उतरत आला असला तरी अचानक पोट दुखून फुगलं, लाकडासारखं कडक झालं, तर घरी पेनकिलर घेऊन वाट पाहू नका. छिद्र पडल्यावर काही तासांनी दुखणं थोडं कमी होऊ शकतं. रुग्णाला बरं वाटतं, पण जंतू आत पसरतच असतात. उशीर झाला, आतडं फार खराब असलं, तर तेवढा भाग कापून उरलेल्याचं तोंड पोटावर आणावं लागतं. यालाच स्टोमा म्हणतात. नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात ते या पिशवीला. ती पुष्कळदा तात्पुरती असते आणि काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा जोडता येतं.