कोहिमाची माघार

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी, मी शाळेत असताना, मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत असत. युद्धाच्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही मुले त्यांच्या मागे लागत असू. ते तपकिरीची चिमूट ओढीत आणि पुष्कळदा गप्पच बसत. एकदा मात्र म्हणाले, "सांगशाकला आम्ही तहानेने मरत होतो, जपानी भुकेने. आम्हांला परत या म्हणणारा कोणीतरी होता. त्यांना नव्हता."

या वाक्याचा अर्थ मला त्या वयात उमगला नाही. पुढे कित्येक वर्षांनी जपानी सैन्याच्या एकतिसाव्या डिव्हिजनची हकीकत वाचताना तेच वाक्य पुन्हा आठवले, आणि त्यातला उत्तरार्ध पुरता खरा नाही, हेही कळले.

ही डिव्हिजन मार्च १९४३ मध्ये बँकॉक येथे उभारली गेली. तिच्यात तीन पायदळ रेजिमेंटे होती : अठ्ठावन्नावी, एकशेचोविसावी आणि एकशेअडतिसावी. अठ्ठावन्नावी चीनच्या युद्धात तावून सुलाखून निघालेली होती. एकशेचोविसावीने ग्वाडलकनाल बेटावर उपासमार म्हणजे काय, ते १९४२ सालीच पाहिले होते. त्या बेटाला जपानी शिपाई 'उपासमारीचे बेट' म्हणत. दैवाचा खेळ असा, की तीच माणसे दोन वर्षांच्या आत पुन्हा त्याच वाटेला लागली. डिव्हिजनचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो.

त्यांच्या वरचे अधिकारी पंधराव्या आर्मीचे रेन्या मुतागुची. ब्रह्मदेशातून इंफाळ घ्यावे, कोहिमा तोडावे आणि हिंदुस्थानचे दार उघडावे, हा त्यांचा ध्यास होता. बेत धाडसी होता. पण त्यातला धान्याचा हिशेब केवळ आशेवर मांडलेला होता. सैनिकांनी सुमारे तीन आठवड्यांची शिधासामग्री बरोबर न्यायची, तेवढ्यात शत्रूची कोठारे हाती लागतील, आणि वाटेत बैलांवर ओझी लादून शेवटी तेच बैल मारून खायचे. चंगीझखान असेच करीत असे, असा दाखला मुतागुची देत. परंतु चंगीझखानाची वाट गवताळ माळरानाची होती आणि ही वाट नागा डोंगरांची होती. कित्येक जनावरे चिंदविन नदी ओलांडतानाच बुडाली. उरली त्यांतली पुष्कळ कड्यांवरून कोसळली. सातोंना या बेताविषयी पहिल्यापासून शंका होती, आणि रसद पोहोचलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी आधीच धरला होता.

१५ मार्च १९४४ च्या रात्री डिव्हिजन चिंदविन ओलांडू लागली. डावीकडची तुकडी मेजर जनरल मियाझाकींच्या हाताखाली होती. तिची गाठ सांगशाकच्या टेकडीवर पडली ती पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडशी. आमच्या हवालदारांची ४/५ मराठा पलटण तिथेच होती. २२ ते २६ मार्चपर्यंत टेकडी झुंजली. वर पाणी नव्हते. विमानांतून टाकलेली बरीचशी सामग्री जपान्यांच्या हाती पडत होती. अखेर २६ तारखेला माघारीचा हुकूम आला आणि उरलेले लोक रात्री जंगलात शिरले. शेकडो माणसे गेली, पण मौल्यवान दिवस मिळाले. एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळचा नकाशाही इंफाळला पोहोचला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकतिसावी डिव्हिजन कोहिमाला भिडली. तेथील शिबंदी सुमारे अडीच हजारांची, आणि तिच्यातही बिगरलढाऊ माणसे पुष्कळ. तरीही ती दोन आठवडे टिकली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचे टेनिसचे मैदान ही दोन सैन्यांमधली सीमा झाली. इकडून तिकडे हातबाँब फेकता येत. २० एप्रिलपर्यंत शिबंदीची सुटका झाली. पुढे पायरीपायरीने जपानी सैन्याला मागे रेटण्यात दीड महिना गेला. दिमापूरचे प्रचंड कोठार तेथून अवघ्या ४६ मैलांवर होते. सातो कोहिमा टाळून तिकडे गेले असते, तर काय झाले असते, या विचाराने जनरल स्लिम यांना धडकी भरली होती. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी सातोंच्या अंगी कल्पकता नव्हती, असा शेरा मारला. हा दोष खरा आहे. सातोंना निष्कलंक ठरवण्याचा माझा हेतू नाही.

परंतु मे महिना आला, पावसाळा जवळ येऊ लागला, आणि एक दाणाही पोहोचला नाही. तांदूळ नाही, दारूगोळा नाही, औषध नाही. नागांच्या कोठारांतले धान्य जपान्यांनी काढून घेतले, तेही सरले; ज्या गावांचे ते धान्य होते त्यांची उपासमार कोणी मोजली नाही. सातो तारांवर तारा करीत होते. मुतागुचींचे उत्तर एकच : टिकून राहा. अखेर २५ मे रोजी सातोंनी कळवले, की १ जूनपर्यंत रसद आली नाही, तर मी निघतो. ३१ मे रोजी त्यांनी खरोखरच निघण्याचा हुकूम दिला. वरिष्ठांच्या आज्ञेवाचून डिव्हिजन मागे घेणे, ही जपानी सैन्यात न ऐकलेली गोष्ट होती.

तेव्हा हवालदारांचे म्हणणे चुकीचे होते. त्यांना परत या म्हणणारा होता. तो उशिरा बोलला, एवढेच.

उशीर किती महाग पडला, ते पुढे दिसले. उख्रुलला शिधा मिळेल, या आशेने माणसे चालली. तिथे काहीच नव्हते. आमांश, हिवताप आणि चिखल यांनी उरलेल्यांचा फडशा पाडला. पंधराव्या आर्मीचे सुमारे ८५ हजार लोक या मोहिमेत उतरले. त्यांतले सुमारे ३० हजार मेले, त्यांतही रोगाने आणि उपासाने गेलेले फार. त्या वाटेला जपानी लोकांनीच 'पांढऱ्या हाडांची वाट' हे नाव दिले. मागे रस्ता अडवण्यासाठी मियाझाकींची छोटीशी तुकडी राहिली होती. २२ जूनला इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला.

जुलैत सातोंना सेनापतिपदावरून काढले. त्यांना लष्करी न्यायालय हवे होते. तिथे सगळे बोलता आले असते. वरिष्ठांनी त्यांना वेडे ठरवले. वेड्याची साक्ष नोंदवावी लागत नाही! मुतागुची १९६६ साली वारले, तोवर आपला बेत बरोबरच होता, असे ते सांगत राहिले. सातो १९५९ सालीच गेले होते. उरलेली डिव्हिजन मात्र १९४५ मध्ये इरावतीकाठी पुन्हा लढली.

कोहिमाच्या स्मशानभूमीत आज टेनिसच्या मैदानाच्या पांढऱ्या रेघा सिमेंटने जपलेल्या आहेत. हिंदू आणि शीख शिपायांची नावे वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत, कारण त्यांचे दहन झाले होते. मी तिथे उभा होतो तेव्हा मला आमचे हवालदार आठवले. शत्रूविषयी बोलताना त्यांच्या आवाजात राग कधी नसे. आता वाटते, ती कीव होती. रणांगणावर पाय रोवून उभे राहण्यास धैर्य लागते, हे सगळेच मानतात. पण हजारो भुकेल्या माणसांकडे पाहून हुकमाविरुद्ध 'पुरे' म्हणण्यासही धैर्य लागते. आणि ते जितके उशिरा येते, तितक्या हाडांची वाट लांबते.