रसभंग करणाऱ्याची साक्ष

आनंदात रमलेला माणूस त्याची नोंद क्वचितच करतो. नोंद करतो तो त्या आनंदाला हरकत घेणारा. सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या ग्रामीण उत्सवांचा अभ्यास करताना ही अडचण पदोपदी जाणवते. मे महिन्याच्या उत्सवाचे अभ्यासकांना सर्वाधिक परिचित असलेले वर्णन फिलिप स्टब्ज याच्या ‘द अ‍ॅनॅटमी ऑफ अ‍ॅब्यूझेस’ (१५८३) या ग्रंथात आढळते, आणि तो ग्रंथ तर अशा करमणुकींच्या निषेधार्थच लिहिलेला आहे.

मग ही साक्ष कितपत ग्राह्य मानावी? तरुण-तरुणी रात्र रानात घालवतात आणि फार थोड्या मुली निष्कलंक परततात, हा स्टब्जचा मुख्य आरोप. परंतु तो ऐकीव आहे. प्रतिष्ठित पुरुषांच्या तोंडून आपण हे ऐकले, असे तो स्वतःच सांगतो. उत्सवाचा खांब वाहून आणणाऱ्या बैलांच्या वीस ते चाळीस जोड्या हीही अतिशयोक्ती असू शकेल. मात्र प्रत्येक बैलाच्या शिंगांच्या टोकांना फुलांचे गुच्छ बांधलेले असतात, हे सांगण्याची आरोपाला काहीच गरज नव्हती. निषेधाच्या कामी न येणारा असा तपशीलच अधिक विश्वसनीय ठरतो. तेथे निंदकाची लेखणी क्षणभर प्रेक्षकाची झालेली दिसते.

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्या प्रयोगात विघ्न आणणाऱ्या दैत्यांना निदान एक गाऱ्हाणे होते: रंगमंचावर त्यांचाच पराभव दाखविला जात होता. स्टब्जचे असे काय बिघडले होते? पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने काही नाटके व खेळ निर्दोष असू शकतात अशी कबुली दिली होती. पुढील आवृत्त्यांतून ती प्रस्तावना गळाली. निरुपद्रवी आणि उपद्रवी यांतील भेद त्याला ठाऊक होता. ग्रंथात त्याला जागा उरली नाही, एवढेच.

विल्यम प्रिनचा हजाराहून अधिक पानांचा ‘हिस्ट्रिओमॅस्टिक्स’ (१६३३) हा नाट्यविरोधी ग्रंथ याच परंपरेतला, पण त्यात पाहण्यापेक्षा आधार गोळा करण्याचा सोस अधिक. १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली. १६४४ च्या आदेशाने मे महिन्याचे खांब उतरविण्याचे काम गावोगावच्या अधिकाऱ्यांकडे सोपविले. खांब उभा राहील तोवर त्यांना दर आठवड्यास पाच शिलिंग दंड होता. फुलांचा उल्लेख त्या आदेशात नाही.