जीपची पुढची चाके

दुसऱ्या महायुद्धाने संहाराची साधने पुष्कळ निर्माण केली. परंतु युद्ध संपल्यावर शेतात, जंगलात आणि घाटवाटांवर निमूटपणे राबत राहिलेले त्या काळचे वाहन म्हणजे जीप होय. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कारखान्यांना पाचारण केले. कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून बॅण्टम या लहानशा कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी मुंबईतही सुरू झाली.

या गाडीचे सामर्थ्य तिच्या इंजिनापेक्षा तिच्या चारही चाकांना मिळणाऱ्या गतीत आहे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची दुसरी पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागच्या आसाकडे व दुसरा पुढच्या आसाकडे जातो. चालकाजवळच्या दोन लहान दांड्यांपैकी एकाने पुढची चाके जोडावयाची, दुसऱ्याने गती कमी करून जोर वाढवावयाचा. पुढची चाके जोडल्याखेरीज हा जादा जोर मिळू नये, अशी अडसराची योजना मूळ रचनेतच होती. कारण तो सारा भार एकट्या मागच्या आसावर पडला तर त्याला इजा होण्याचा संभव. पुढे कित्येक हौशी मंडळींनी हा अडसर काढून टाकला. सोय झाली खरी, पण जपून चालविण्याची सारी जबाबदारी चालकाच्या हातावर आली.

या रचनेला एक मर्यादाही आहे. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. दोन आसांमधला हा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल जीपच्या मध्यभागी नाही. चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरते आणि ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर मात्र तो ताण दांड्यांत आणि दंतचक्रांत साठतो, आणि दांडी काही केल्या सुटत नाही. म्हणूनच पुढची चाके गरजेपुरतीच जोडावीत आणि चारही टायर सारख्या मापाचे व सारखे झिजलेले असावेत, हा जीपच्या निगेतला पहिला धडा ठरला.

पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना, जेथे चाक वळते तेथे, पोलादी गोळ्याच्या आत एक सांधा दडलेला असतो. त्या गोळ्यावर बसणारी फेल्टची पट्टी झिजली, की ओढ्याचे पाणी आत शिरते, ग्रीस दुधाळ होते आणि सांधा गंजू लागतो. पट्टी मामुली किमतीची. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर आसच उतरवावा लागतो. ट्रान्स्फर केसमधल्या मधल्या दंडाची कथा अशीच आहे. युद्धकाळात तो पाऊण इंच जाडीचा होता. मुलकी जीपमध्ये तो टप्प्याटप्प्याने सव्वा इंचापर्यंत वाढविण्यात आला. जुन्या पेटीत नवा जाड दंड बसविणे, ही दुरुस्ती करणाऱ्यांची एक आवडती सुधारणा झाली.

सर्वांत प्रसिद्ध सुधारणा १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी आणली. युद्धानंतर विकल्या गेलेल्या जीपगाड्या सडकेवर धावू लागल्या, तेव्हा दांडी सोडलेली असतानाही पुढची चाके आपला आस, डिफरन्शियल व दांडा व्यर्थ फिरवीत. त्यात इंधन जाई आणि झीजही होई. वॉर्न यांच्या हबमुळे चाक आसापासून मोकळे करता येऊ लागले. मात्र या सोयीने एक नवी शिस्त मागितली. दोन्ही बाजूंचे हब एकाच स्थितीत हवेत. एक जोडलेला व एक मोकळा राहिला, तर डिफरन्शियल सारी गती मोकळ्या बाजूला फुकट घालविते. चालक दांडी ओढतो, पण पुढची चाके ओढ घेत नाहीत. आणि ही चूक कळते ती गाडी चिखलात रुतल्यावर. शिवाय महिनोन्महिने हब मोकळे ठेवल्यास आतल्या दंतचक्रांवरचे तेल ओघळून जाते. म्हणून अधूनमधून ते जोडून कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर चालवावे लागते.

भारतात केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपगाड्याही पुष्कळ बनल्या. त्यामुळे चारही चाके खरोखर ओढणारी जुनी जीप ज्याच्या दारी आहे, त्याच्यापुढे नेहमीच प्रश्न उभा राहतो: मूळ रूप जपावे, की कालानुरूप बदल करावा? जीपचा इतिहास दोन्ही गोष्टींना अनुमती देतो. जाड दंड हाही बदलच होता आणि हबही. परंतु कोणता भाग कोणता भार उचलण्यासाठी घातला होता, हे जाणून केलेला बदल टिकला. न जाणता काढलेला अडसर मात्र कधी ना कधी आपली किंमत वसूल करतो, आणि तीही बहुधा वस्तीपासून दूर, जेथे पुढच्या चाकांचाच काय तो आधार असतो.